जाते, फुगडी आणि परेड : तरुण हाडांची गोष्ट

भिलाईजवळच्या रिसालीतून मी बोलतो आहे. या मालिकेत आपण आजवर किल्ले, मोहिमा आणि पलटणी यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील की सुभेदारांच्या गोष्टी सोडून साहेब आता डॉक्टरकी करायला लागले. तसे नाही. हाही इतिहासच आहे, फक्त तो कागदावर नाही, हाडांवर लिहिलेला आहे. आणि हा विषय मी का घेतला हे आधी सांगतो, कारण त्यात माझी एक चूक आहे.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. वय अठ्ठावीस. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, जाणे-येणे गाडीतून. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तिने दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिले आणि धावायला लागली. मला कोण आनंद! फौजीची पोर अखेर मैदानात उतरली. पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला, "बाबा, नडगीवर एकाच जागी दुखतंय. बोट ठेवलं तरी कळ येते." मी म्हणालो, "नवीन आहेस, दोन दिवसांत जाईल. थांबू नकोस." जवानांना मी आयुष्यभर हेच सांगत आलो होतो. ती थांबली नाही. दहा दिवसांनी पळता पळता ती खाली बसली ती उठलीच नाही. हाडाला आधी बारीक चीर होती, ती आरपार गेली. पाय प्लास्टरमध्ये, तीन महिने घरी.

तिला तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी तीन प्रश्न विचारले. गेल्या दहा वर्षांत कोणता व्यायाम केलास? दिवसभरात काय खातेस? पाळी नियमित येते का? मी शेजारी बसलो होतो. यातला एकही प्रश्न मी फोनवर विचारला नव्हता. हे तीन प्रश्न कुठून आले ते शोधता शोधता आजचे व्याख्यान तयार झाले.

बुटांतला आजार

सुरुवात फौजेपासूनच होते. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लिहून ठेवले की लांब कूच करून आलेल्या शिपायांचे पाय सुजतात, दुखतात, आणि मार लागल्याची खूण तर कुठे दिसत नाही. तेव्हा क्ष-किरण नव्हते. ही बहुधा स्नायूंची किंवा पडद्यांची सूज असावी असे समजले जाई. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, अशा सुजलेल्या पायांच्या छायाचित्रांत तळपायाची हाडे तडकलेली दिसली. तेव्हापासून याला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणू लागले. म्हणजे बेचाळीस वर्षे ज्यांना शिपाई कुरकुरतात असे म्हटले गेले असेल, त्यातल्या कित्येकांचे हाड खरोखर मोडलेले होते. हे वाचताना मला माझ्या पलटणीतले काही चेहरे आठवले. 'रगडा' हा शब्द ज्यांनी फौजेत काढला त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आम्ही भिलाईचे लोक पोलाद जाणतो. इथल्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. रूळ एका गाडीने तुटत नाही. हजारो गाड्या त्यावरून जातात, आत कुठेतरी केसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते आणि एका थंडीच्या रात्री रूळ तडकतो. हाडाचेही असेच आहे, फक्त एक मोठा फरक आहे. रूळ स्वतःची डागडुजी करत नाही, हाड करते. शरीरात एक टोळी जुने, चिरा पडलेले हाड पोखरून काढते आणि मागून दुसरी टोळी नवे हाड भरत येते. गोम अशी की पोखरायला तीनेक आठवडे लागतात आणि भरायला तीनेक महिने. म्हणून नवीन रंगरूट तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सर्वांत जास्त मोडतात. खड्डा खणून झालेला असतो, भराव अजून आलेला नसतो, आणि वरून उस्ताद ओरडत असतो. माझ्या मुलीला कोणत्या आठवड्यात दुखू लागले ते तुम्हाला आठवतच असेल.

हाड भारानुसार आपली घडण बदलते हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. ज्या दिशेने ओझे येते त्या दिशेने हाडाची आतली जाळी मजबूत होते, आणि ओझे गेले की शरीर तो खर्च बंद करते. पुढे अंतराळवीरांनी याचा पुरावाच दिला. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का कमी होते. खुर्ची काही अंतराळयान नाही, पण दिवसाचे दहा तास तिथे बसलेल्या खुब्याला पायांकडून फारसा निरोप येत नाही हे खरे.

जात्यावरचे दंड

आता पहिला प्रश्न घेऊ. व्यायाम.

२०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मध्य युरोपातल्या प्राचीन स्त्रियांची हाडे तपासली आणि आजच्या स्त्रियांच्या हाडांशी ताडून पाहिली. सात हजार वर्षांपूर्वीच्या पहिल्या शेतकरी स्त्रियांच्या दंडांची हाडे, आज स्पर्धेत नाव वल्हवणाऱ्या मुलींपेक्षाही ११ ते १६ टक्के मजबूत निघाली. नौकानयन करणाऱ्या मुली म्हणजे काही लेच्यापेच्या नव्हेत. मग या बायका करत काय होत्या? अभ्यासकांचा अंदाज असा की त्या नांगरणी-कापणीबरोबर तासन् तास दगडावर दगड घासून धान्य दळत होत्या.

मंडळी, हे वाचून आपल्याला काय आठवते? पहाटेचे जाते. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून नुसत्या ओव्या रचल्या नाहीत, दंडांची, मनगटांची आणि पाठीची हाडेही घडवली. शिवाय उखळ, मुसळ, विहिरीचा पोहरा, डोक्यावरची घागर. आमच्या छत्तीसगडात भात कांडायला पायाने चालवायची ढेंकी असे. गावात पिठाची गिरणी आली, मग नळ आला, मग मिक्सर आला. एकेका यंत्राने एकेक ओझे उचलले आणि त्यासोबत हाडाला मिळणारा निरोपही.

लंडनमध्ये स्पिटलफील्ड्स नावाच्या भागात एका चर्चच्या तळघराची दुरुस्ती करताना अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांचे सांगाडे मिळाले. १९९३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांच्या मांडीच्या हाडांचा अभ्यास आला. त्या स्त्रियांपेक्षा आजच्या स्त्रियांची हाडे वयाबरोबर अधिक झिजतात, आणि ही झीज पाळी जाण्याच्या आधीपासूनच दिसते, असे त्यात आढळले. कष्टाचे जीवन हे त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी सुचवले.

पण इथे एक सावधगिरी हवी. जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. त्या बायकांना अर्धपोटी राहून, बाळंतपणामागून बाळंतपण सोसत दळावे लागे. जाते परत आणा असे सुनेला सांगायला कोणी या व्याख्यानाचा आधार घेतला तर मी त्याच्या हातात आधी जात्याचा खुंटा देईन. कष्ट परत आणायचे नाहीत. कष्टातून हाडाला जे मिळत होते तेवढे मोजून-मापून परत आणायचे आहे.

आखाडा कोणासाठी?

व्यायामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधले गेले. बडोद्याला दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार, म्हणजे आबासाहेब, यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने केलेले हे केवढे काम! मी स्वतः महाराष्ट्राबाहेर राहतो, म्हणून मला त्याचे विशेष कौतुक.

पण या साऱ्या चळवळीचा चेहरा मुख्यतः पुरुषी होता. लाल माती मुलांची, अंगण मुलींचे. ही चौकट ढिली करणाऱ्यांत औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे नाव घ्यावेच लागते. सूर्यनमस्कार त्यांनी संस्थानातल्या शाळांत सुरू केले आणि राजवाड्यात घरच्या स्त्रियाही ते घालत. १९२८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. पुढे लंडनच्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर लिहिले आणि १९३८ मध्ये 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक निघाले. विलायतेतल्या बायका औंधच्या राजाचे ऐकून नमस्कार घालू लागल्या, ही गंमत आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्याच दशकात, १९३६ च्या विजयादशमीला, वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली आणि मुलींच्या हाती लाठी आली. विचार पटोत न पटोत, मध्यमवर्गीय घरातल्या मुली मैदानात येऊन कवायत करू लागल्या ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

हाडांच्या दृष्टीने पाहिले तर सूर्यनमस्कारात तळहातांवर अंगाचा भार येतो, म्हणून मनगट आणि दंड यांना त्यात काम मिळते. खुब्याला मात्र त्यात धक्का नाही. आणि खुब्याला धक्काच लागतो.

अंगणातला धक्का

मग आपल्या मुलींना तो धक्का कुठे मिळत होता? अंगणात.

श्रावणातली मंगळागौर आठवा. लग्न झाल्यानंतरची पहिली काही वर्षे ही पूजा होते, म्हणजे खेळणाऱ्या बहुतेक तरुणी. दिवसभर पूजा, उपास, आणि रात्री जागरणाला खेळ. झिम्मा, फुगडी, बसफुगडी, पिंगा, कोंबडा. या खेळांत दोन्ही पायांनी उडी आहे, जमिनीवर पाय आपटणे आहे, गिरकी आहे, दिशा बदलणे आहे. बसफुगडीत तर उकिडवे बसून उड्या. फौजेत ज्याला आम्ही शिक्षा म्हणून 'फ्रॉग जंप' देतो तेच या बायका हसत-हसत मध्यरात्री करत होत्या! विदर्भातून भिलाईला आलेल्या घरांत भुलाबाई असे. आमच्या छत्तीसगडी शेजारणी दिवाळीच्या सुमारास गोल धरून टाळ्या देत सुवा नाचतात. त्यात चाल संथ असते, म्हणून हाडाच्या हिशेबात मी फुगडीला वरचा नंबर देतो.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. हाडाला कोणता निरोप ऐकू येतो यावर गेल्या पन्नास वर्षांत बरेच काम झाले आहे. निरोप जोरदार हवा, झटक्यात यायला हवा, नेहमीपेक्षा वेगळ्या दिशेने यायला हवा, आणि थोडा पुरतो. एकाच चालीने तासभर चालत राहिलात तर हाड थोड्या वेळाने ऐकणे बंद करते. हृदयाला चालणे उत्तम, पण तरुण हाड घडवायला ते अपुरे. पोहणे आणि सायकल यांत शरीराचा भार पाण्यावर किंवा सीटवर जातो, म्हणून हाडासाठी तेही कमीच.

इंग्लंडमध्ये बॅसी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आठवड्यातून सहा दिवस, रोज ५० उभ्या उड्या मारायला लावल्या. उडीची उंची सरासरी फक्त साडेआठ सेंटिमीटर. पाच महिन्यांत त्यांच्या मांडीच्या हाडाची घनता खुब्याजवळ २.८ टक्के वाढली. पाळी गेलेल्या स्त्रियांना त्याच उड्यांचा तसा फायदा झाला नाही. म्हणजे हा पैसा तरुणपणीच बँकेत टाकायचा आहे. हाडाची ही ठेव साधारण तिशीपर्यंतच वाढते. पुढे ती राखायची आणि पाळी गेल्यावर झपाट्याने काढली जाते. २०१५ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात २५ ते ५० वयाच्या स्त्रियांनी दिवसातून दोनदा, दहा किंवा वीस उड्या, प्रत्येक उडीनंतर तीस सेकंद थांबून मारल्या. सोळा आठवड्यांत खुब्याच्या हाडात फरक दिसला.

आणि आता फौजेचा पुरावा. इस्रायली पायदळाच्या रंगरूटांचा अभ्यास २००० साली आला. भरतीच्या आधी किमान दोन वर्षे बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या मुलांची हाडे प्रशिक्षणात तडकण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी होते. नुसते धावणाऱ्यांना असे संरक्षण मिळाले नाही. कारण उघड आहे. खेळात उडी असते, थांबणे असते, वळणे असते. आपल्या खो-खोत याहून वेगळे काय आहे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला. तो सामना पाहताना मी टाळ्या वाजवत होतो आणि मनात त्यांचे खुबे मोजत होतो.

आपल्या सैन्यात १९९२ पासून नव्या योजनेखाली स्त्रिया अधिकारी म्हणून येऊ लागल्या आणि २०२२ मध्ये मुली एनडीएत दाखल झाल्या. एकाच प्रशिक्षणात मुलींना अशा चिरा मुलांपेक्षा जास्त पडतात हे अनेक देशांच्या सैन्यांनी नोंदवले आहे. हाड बारीक असते हे एक कारण. पण शाळा-कॉलेजात मुलांइतके खेळायला मिळालेले नसते हेही आहेच. ती मुलगी कमजोर नसते. तिचे अंगण आपण काढून घेतलेले असते.

ताट आणि पाळी

उरलेले दोन प्रश्न एकत्रच घ्यावे लागतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी खेळाडू मुलींमधले एक त्रिकूट ओळखले. कमी खाणे, पाळी बंद होणे आणि हाड ठिसूळ होणे. व्यायाम वाढला आणि ताट वाढले नाही की शरीर काटकसर सुरू करते. पहिली कात्री पाळीला लावते. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते, आणि हाडाचा राखणदारच जातो. तेव्हा तीन महिने पाळी आली नाही तर 'व्यायामाने होतं असं' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरकडे जावे. माझ्या मुलीने डॉक्टरांना सांगितले की सकाळी ती कॉफीवर पळायची आणि दुपारचा डबा मीटिंगमुळे बऱ्याचदा तसाच परत यायचा. हे मला तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा कळले.

आयसीएमआरने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोजची कॅल्शियमची शिफारस १००० मिलिग्रॅम ठेवली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, दही, ताक, तीळ, पालेभाज्या हे सारे आपल्या स्वयंपाकघरात आहे. डाळ-अंडी-मासे यांतले प्रथिन हवे. आणि ऊन. उन्हाच्या देशात राहून आपल्यात 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण आपण घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात जातो.

आजचा हुकूम

आता नोकरी करणाऱ्या मुलीने करायचे काय? मी डॉक्टर नाही, पण कवायत बसवणे जाणतो. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा उड्या, छोट्या, दोन्ही पायांवर, गुडघे किंचित वाकवून उतरायचे. महिन्याभराने वीस-वीस. आठवड्यातून दोन दिवस वजन : बैठका, पायऱ्या चढणे, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन हातांत धरून उचलणे. एक दिवस खेळ : दोरीउड्या, बॅडमिंटन, खो-खो, जमेल तर फुगडी. सूर्यनमस्कार चालू असतील तर चालू ठेवा. धावायचे असेल तर अंतर हळूहळू वाढवा आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा, म्हणजे भराव टाकणाऱ्या टोळीला वेळ मिळेल. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, आधी हाड मोडले आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी उड्यांआधी डॉक्टरांना विचारावे.

आणि एक नियम कायमचा. स्नायू दुखतो तो पसरून दुखतो, एक-दोन दिवसांत उतरतो. हाड दुखते ते एका जागी, बोट ठेवून दाखवता येते. बोट ठेवून दाखवता आले की थांबायचे. मग समोर उस्ताद असो, प्रशिक्षक असो की बाप असो.

माझी मुलगी आता बरी आहे. गेल्या श्रावणात ती आठ दिवस रिसालीला आली होती. शेजारच्या मंगळागौरीला हिच्याबरोबर गेली आणि रात्री अकराला मैत्रिणीशी फुगडी धरली. मी दारात उभा होतो. पहिल्या गिरकीला माझ्या तोंडातून "सांभाळ" निघणार होते, पण तिने आधीच विचारले, "बाबा, चालेल ना?" मी म्हणालो, "कुठे दुखतंय का?" ती "नाही" म्हणाली. एवढेच विचारायचे होते, दोन वर्षांपूर्वी.

तुमच्या घरातल्या मुलीला आज हा प्रश्न विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. पुढच्या भागात पुन्हा पलटणीकडे वळू. तोवर जय हिंद.